घरकाम करणाऱ्या बाईच्या गाण्यावर दुसऱ्यांचीच नावं लागली: स्वतंत्र लोकगायकांचा प्रवास नेमका कसा असतो?

१९४० च्या दशकातली गोष्ट. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरातल्या एका डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एक लहान मुलगी हरवली. तिथे काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय बाईंना ती सापडली आणि त्यांनी तिला तिच्या आईपर्यंत नेऊन पोहोचवलं. आईने आभार मानले आणि काही दिवसांनी या बाईंना आपल्या घरी कामाला बोलावलं. स्वयंपाक, झाडलोट, कपड्यांना इस्त्री अशी कामं होती.

ते घर सीगर कुटुंबाचं होतं. वडील चार्ल्स सीगर संगीताचे अभ्यासक, आई रुथ क्रॉफर्ड सीगर संगीतकार. हरवलेल्या मुलीचं नाव पेगी. पुढे पेगी आणि तिचा भाऊ माइक हे दोघंही नावाजलेले लोकगायक झाले. त्यांचे सावत्र भाऊ पीट सीगर तर अमेरिकन लोकसंगीतातलं फार मोठं नाव.

एक दिवस मुलांनी पाहिलं, तर भिंतीवरची गिटार काढून कामाच्या बाई वाजवत होत्या. गिटार उलटी धरली होती आणि वाजवत होत्या अप्रतिम.

त्या बाई म्हणजे एलिझाबेथ कॉटन. त्यांनी लहानपणी रचलेलं 'फ्रेट ट्रेन' हे गाणं पुढे जगभर गेलं. पण ते जगभर गेलं तेव्हा त्यावर गीतकार म्हणून भलत्याच माणसांची नावं होती.

ही घटना फक्त एका बाईंची नाही. स्वतः लिहिणाऱ्या, स्वतः चाल लावणाऱ्या आणि स्वतःच गाणाऱ्या जवळपास प्रत्येक लोकगायकाला कधी ना कधी हाच प्रश्न पडतो. गाणं लोकांचं झालं, तर ते बनवणाऱ्याचं काय होतं?

स्वतंत्र लोकगायक म्हणजे नेमकं कोण?

लोकगीत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जात्यावरची ओवी येते. ती कोणी रचली ते माहीत नसतं. एकीने दुसरीला ऐकवली, दुसरीने दोन शब्द बदलले आणि ओवी पुढे गेली. जगभरातली पारंपरिक लोकगीतं साधारण अशीच तयार झाली.

विसाव्या शतकात यात एक नवा प्रकार आला. चाल, वाद्य आणि भाषा लोकगीताचीच. पण शब्द एका माणसाचे, आणि ते तोच माणूस गातो. इंग्रजीत अशा कलाकारांना 'सिंगर-साँगरायटर' म्हणतात. मराठीत गीतकार-गायक म्हणता येईल. आपल्याकडचा शाहीर हा शब्द तर याच्या फार जवळ जातो.

यातला 'स्वतंत्र' हा शब्द मुख्यतः पैशाशी जोडलेला आहे. मोठी रेकॉर्ड कंपनी, म्हणजे लेबल, कलाकाराला आगाऊ रक्कम देते, रेकॉर्डिंगचा खर्च करते, जाहिरात करते. त्या बदल्यात रेकॉर्डिंगची मालकी बहुतेक वेळा कंपनीकडे जाते. स्वतंत्र कलाकार हा करार टाळतो किंवा एखाद्या छोट्या लेबलबरोबर काम करतो. मालकी आणि निर्णय त्याच्या हातात राहतात, पण जोखीमही त्याचीच असते.

रेडिओची नोकरी सोडणारे वूडी गथ्री

या परंपरेतलं सुरुवातीचं मोठं नाव म्हणजे वूडी गथ्री. जन्म १४ जुलै १९१२, ओक्लाहोमा राज्यातल्या ओकिमा गावात.

१९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्य भागात भयंकर दुष्काळ पडला. नांगरलेल्या जमिनीची माती वाऱ्याबरोबर उडू लागली आणि धुळीच्या वादळांनी गावंच्या गावं झाकून टाकली. हजारो शेतकरी कुटुंबं कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. गथ्रीही टेक्सासमधून तिकडे गेले. वाटेत भेटलेल्या माणसांचे हाल त्यांच्या गाण्यांत आले आणि १९४० मध्ये 'डस्ट बोल बॅलड्स' हा अल्बम निघाला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांनी 'धिस लँड इज युअर लँड' लिहिलं. तेव्हा रेडिओवर अर्व्हिंग बर्लिन यांचं 'गॉड ब्लेस अमेरिका' सतत वाजत असे. देशात इतके लोक बेघर असताना हे गाणं गथ्रींना खटकत होतं, म्हणून त्यांनी आपलं उत्तर लिहिलं. चाल मात्र पूर्णपणे नवी नव्हती. कार्टर फॅमिली या गाजलेल्या गायक कुटुंबाच्या एका जुन्या भक्तिगीताशी ती बरीच मिळतीजुळती आहे. लोकसंगीतात जुन्या चालीवर नवे शब्द बसवणं चोरी मानलं जात नव्हतं. परंपरा तशीच चालत आली होती.

मग गथ्रींना न्यूयॉर्कमध्ये तंबाखूच्या एका ब्रँडने प्रायोजित केलेला रेडिओ कार्यक्रम मिळाला. पैसा चांगला होता, पण काय गायचं आणि काय नाही हे दुसरेच ठरवू लागले. १९४१ च्या सुरुवातीला त्यांनी ते काम सोडलं.

त्यानंतरची नोकरी जरा वेगळीच होती. कोलंबिया नदीवरच्या धरणांची वीज विकणाऱ्या सरकारी खात्याने त्यांना एक महिन्यासाठी गाणी लिहायला ठेवलं. पगार २६६ डॉलर ६६ सेंट. त्या एका महिन्यात त्यांनी २६ गाणी लिहिली. त्यातलं 'रोल ऑन, कोलंबिया' १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्याचं अधिकृत लोकगीत ठरलं.

गथ्रींची शेवटची वर्षं हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारात गेली. १९६१ मध्ये मिनेसोटाहून एक तरुण त्यांना भेटायला आला आणि त्यांना त्यांचीच गाणी ऐकवू लागला. तो तरुण म्हणजे बॉब डिलन. गथ्री १९६७ मध्ये गेले.

न खपणाऱ्या रेकॉर्डही जपणारी कंपनी

गथ्रींची बरीच गाणी आज ऐकायला मिळतात याचं श्रेय मोझेस अ‍ॅश यांना जातं. न्यूयॉर्कमधल्या या माणसाने १९४४ पासून गथ्रींचं भरपूर रेकॉर्डिंग करून ठेवलं आणि १९४८ मध्ये 'फोकवेज रेकॉर्ड्स' ही कंपनी काढली.

फोकवेजचा नियम साधा होता. एकदा काढलेली रेकॉर्ड बाजारातून काढून घ्यायची नाही, मग वर्षात तिच्या चार प्रती खपोत की चार हजार. अ‍ॅश यांचं म्हणणं असं सांगितलं जातं की एखादं अक्षर कमी वापरलं जातं म्हणून ते मुळाक्षरांतून कोणी काढून टाकत नाही. जवळपास चार दशकांत फोकवेजने दोन हजारांहून जास्त अल्बम काढले. अ‍ॅश यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये हा संग्रह स्मिथसोनियन संस्थेने घेतला, आणि घेताना सगळे अल्बम उपलब्ध ठेवण्याची अट मान्य केली.

एलिझाबेथ कॉटन यांचा पहिला अल्बमही याच फोकवेजने काढला.

'फ्रेट ट्रेन' हातातून गेलं कसं?

एलिझाबेथ यांचा जन्म १८९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनात झाला. घराजवळून मालगाड्या जायच्या. लहान वयातच शाळा सोडून त्या लोकांच्या घरी कामाला लागल्या, पगार महिन्याला ७५ सेंट. त्या पैशांतून ३ डॉलर ७५ सेंटची गिटार आली.

एलिझाबेथ डावखुऱ्या होत्या आणि गिटार उजव्या हाताने वाजवण्यासाठी बनवलेली. त्यांनी तारा बदलल्या नाहीत, गिटारच उलटी धरली. त्यामुळे जाड आवाजाच्या तारा खाली आल्या आणि बारीक तारा वर. इतर वादक ज्या तारा अंगठ्याने वाजवतात त्या त्या बोटांनी वाजवत आणि मुख्य सूर अंगठ्याने काढत. पुढे या पद्धतीला त्यांच्याच नावावरून 'कॉटन पिकिंग' म्हणू लागले.

'फ्रेट ट्रेन' रचलं तेव्हा त्यांचं वय अकरा-बारा वर्षांचं होतं. नंतर लग्न झालं, मूल झालं. चर्चमधल्या लोकांनी सांगितलं की असली ऐहिक गाणी सोड. गिटार बाजूला पडली ती कित्येक वर्षं. सीगर यांच्या घरी ती पुन्हा हातात आली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

पेगी सीगर १९५० च्या दशकात इंग्लंडला गेल्या आणि तिथे 'फ्रेट ट्रेन' गाऊ लागल्या. त्या काळात इंग्लंडमध्ये 'स्किफल' या साध्यासोप्या संगीताची लाट होती. हे गाणं हातोहात पसरलं. १९५७ मध्ये चास मॅकडेव्हिट यांचा ग्रुप आणि गायिका नॅन्सी व्हिस्की यांची रेकॉर्ड तिथे हिट झाली. रेकॉर्डवर गीतकार म्हणून ज्यांची नावं छापली होती, त्यांचा या गाण्याच्या जन्माशी काहीच संबंध नव्हता.

हे का होऊ शकलं? लोकगीत म्हणजे बेवारस गाणं, असा एक समज होता. जो आधी नोंदणी करेल त्याचं नाव लागायचं. रचणारी बाई समुद्रापलीकडे कुणाच्या तरी घरात काम करत असेल, याची चौकशी करण्याची गरज कुणाला वाटली नाही.

सीगर कुटुंबाने हा विषय लावून धरला आणि अखेर एलिझाबेथ यांचं नाव गाण्याच्या श्रेयात आलं. माइक सीगर यांनी त्यांच्या घरी टेपरेकॉर्डर नेऊन गाणी रेकॉर्ड केली. १९५८ मध्ये अल्बम आला. १९६० मध्ये, पासष्टीच्या आसपास, त्यांनी पहिली जाहीर मैफल केली. १९८५ मध्ये त्यांच्या 'एलिझाबेथ कॉटन लाइव्ह!' या अल्बमला ग्रॅमी मिळाला. तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या.

पस्तीस वर्षांनी दुसरा अल्बम

हक्क आहे पण ऐकणारेच नाहीत, असंही होतं. इंग्लंडच्या व्हॅश्टी बनियन यांचं तसंच झालं.

१९६८ मध्ये त्या लंडन सोडून घोडागाडीने स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाल्या. तिथे गायक डोनोवन कलाकारांची वस्ती वसवणार होता. प्रवास दीड वर्षाच्या आसपास चालला आणि वाटेत गाणी तयार होत गेली. निर्माते जो बॉइड यांनी ती रेकॉर्ड केली. 'जस्ट अनदर डायमंड डे' हा अल्बम १९७० च्या शेवटी आला आणि जवळपास कुणाच्याच कानावर पडला नाही. बनियन यांनी गाणं सोडलं आणि संसारात, मुलंबाळं वाढवण्यात रमल्या.

१९९० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी इंटरनेटवर स्वतःचं नाव शोधलं. तेव्हा कळलं की ती जुनी रेकॉर्ड लोक शोधत फिरत आहेत. २००० मध्ये अल्बम पुन्हा निघाला, तरुण कलाकार त्यांना मानू लागले आणि २००५ मध्ये त्यांचा दुसरा अल्बम 'लुकआफ्टरिंग' आला. मधली पस्तीस वर्षं मात्र कुणी परत देऊ शकत नव्हतं.

स्वतःचीच कंपनी काढणाऱ्या अ‍ॅनी डिफ्रँको

नव्वदच्या दशकात एका मुलीने वेगळा रस्ता धरला. न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात १९७० मध्ये जन्मलेल्या अ‍ॅनी डिफ्रँको. हातात गिटार, गाण्यांत राजकारण आणि बाईपणाचे अनुभव. १९९० मध्ये, विशीत, त्यांनी पहिला अल्बम स्वतः काढला आणि तो विकण्यासाठी स्वतःचं लेबलही सुरू केलं. त्याचं नाव पुढे 'राइचस बेब रेकॉर्ड्स' झालं.

सुरुवातीची पद्धत अगदी साधी होती. कॉलेजांत आणि छोट्या क्लबमध्ये कार्यक्रम करायचे, कार्यक्रम संपला की कॅसेट विकायच्या, पुढच्या गावाला निघायचं. गर्दी वाढली तशा मोठ्या कंपन्याही दारात आल्या. त्यांनी नकार दिला.

मग वर्तमानपत्रांना एकाच गोष्टीत रस वाटू लागला. या बाई एका अल्बममागे मोठ्या स्टारपेक्षा जास्त कमावतात कशा? गणित सोपं होतं. मध्ये कंपनी नसल्यामुळे किमतीतला मोठा वाटा त्यांच्याकडे राहत होता. पण १९९७ मध्ये 'मिझ' या स्त्रीवादी मासिकाने त्यांची दखलही अशाच कारणाने घेतली, तेव्हा त्यांनी जाहीर पत्र लिहून नाराजी कळवली. आपल्या कामाचं मोल डॉलरमध्ये का मोजता, असा त्या पत्राचा रोख होता.

त्यांच्या लेबलने दुसऱ्यांनाही जागा दिली. व्हरमाँटच्या अ‍ॅनेस मिचेल यांचा 'हेड्सटाउन' हा अल्बम २०१० मध्ये इथूनच आला. ग्रीक पुराणातल्या प्रेमकथेवर लोकसंगीताच्या बाजाने लिहिलेली ही गाणी पुढे संगीत नाटक म्हणून वाढली आणि २०१९ मध्ये ब्रॉडवेवर पोहोचली. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट संगीत नाटकासह आठ टोनी पुरस्कार या नाटकाने घेतले.

आपल्याकडे: वामनदादा कर्डक

लिहिणारा आणि गाणारा एकच, कंपनीचा आधार नाही, गाणी गावोगाव पोहोचलेली. ही व्याख्या मराठीत कुणाला चपखल बसत असेल तर ती लोककवी वामनदादा कर्डक यांना.

जन्म १५ ऑगस्ट १९२२, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातलं देशवंडी गाव. पोटापाण्यासाठी मुंबईला आले, मिळेल ते काम केलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितलं, ते जमलं नाही आणि वामनदादांना रडू कोसळलं, असं सांगितलं जातं. मग मोठ्या वयात ते अक्षरं शिकले, दुकानांच्या पाट्या वाचत सुटले. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गीत रचलं.

पुढची साठ वर्षं त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विचार गाण्यातून खेड्यापाड्यांत नेला. गीतांची संख्या हजारोंमध्ये जाते. १५ मे २००४ रोजी त्यांचं निधन झालं. आजही १४ एप्रिलला वस्त्यावस्त्यांत त्यांची गाणी वाजतात. कव्वाली, डीजे, रील, सगळीकडे ती असतात. त्यावर लिहिणाऱ्याचं नाव मात्र नेहमीच असतं असं नाही.

इथे कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. भारतात गीताचा कॉपीराइट रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, आणि ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून सुरू होते. म्हणजे वामनदादांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली गीतं २०६४ संपेपर्यंत कायद्याने 'कुणाचीच नाहीत' असं म्हणता येत नाही. जात्यावरची अनाम ओवी आणि वामनदादांचं गीत, दोन्ही लोकांच्या तोंडी आहेत. पण कायद्याच्या नजरेत त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आज स्वतंत्र कलाकाराचे पैसे कुठून येतात?

एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. बहुतेक गोंधळ इथेच होतो.

- रचनेचा हक्क: शब्द आणि चाल. हा गीतकार-संगीतकाराचा.
- रेकॉर्डिंगचा हक्क: स्टुडिओत तयार झालेली ध्वनिफीत. ज्याने खर्च केला, सहसा त्याचा.

एलिझाबेथ कॉटन यांचा पहिला हक्क गेला होता. डिफ्रँको यांनी दोन्ही हक्क हातात ठेवले.

भारतात २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात मोठा बदल झाला. त्याआधी चित्रपटाचा निर्माता किंवा म्युझिक कंपनी एकरकमी पैसे देऊन गीतकाराचे सगळे हक्क लिहून घेऊ शकत होती. आता गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा करार करूनही काढून घेता येत नाही. राज्यसभेत असताना जावेद अख्तर यांनी यासाठी बराच पाठपुरावा केला होता. रॉयल्टी गोळा करून वाटण्याचं काम 'आयपीआरएस' ही संस्था करते, पण त्यासाठी कलाकाराने तिचं सभासद व्हावं लागतं आणि आपली गाणी नोंदवावी लागतात. अनेक लोककलाकार नेमके इथेच मागे पडतात.

ऑनलाइन जगात गाणं लोकांपर्यंत पोहोचवणं सोपं झालंय, कमाई मात्र अवघडच आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत हजार वेळाही ऐकलं गेलं नाही, त्याला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवर श्रोता थेट कलाकाराकडून अल्बम विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कंपनी ठेवते. बाकी पोट चालतं ते कार्यक्रमांवर, म्हणजे डिफ्रँको यांच्या कॅसेटच्या काळात चालायचं तसंच.

स्वतंत्र सुरुवात करून मोठ्या कंपनीकडे जाणारेही आहेत. जयपूरच्या प्रतीक कुहाड यांनी स्वतःच्या बळावर गाणी काढली. त्यांचं 'कोल्ड/मेस' हे गाणं बराक ओबामा यांच्या २०१९ च्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं आणि पुढच्या वर्षी त्यांनी इलेक्ट्रा या अमेरिकन लेबलशी करार केला. स्वतंत्र राहणं हा काही नियम नाही. करार काय आहे हे समजून सही करणं जास्त महत्त्वाचं.

श्रोता काय करू शकतो?

लोकगीताची रील टाकताना 'पारंपरिक' असं लिहिण्याआधी एकदा शोधून बघता येतं. अनेकदा ते गाणं कुणीतरी रचलेलं असतं आणि नाव दोन मिनिटांत सापडतं. कॅप्शनमध्ये ते नाव टाकायला पैसे लागत नाहीत. जमलं तर कार्यक्रमाचं तिकीट काढावं, अल्बम विकत घ्यावा.

नाव लागल्याने काय फरक पडतो, ते एलिझाबेथ कॉटन यांच्या बाबतीत दिसतं. कार्यक्रम, रेकॉर्ड आणि पुरस्कारांतून आलेल्या पैशांवर त्यांनी उतारवयात न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज शहरात घर घेतलं आणि मुलगी-नातवंडांसह तिथे राहायला गेल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी राबलेल्या बाईंचं हे स्वतःचं घर होतं. १९८७ मध्ये त्याच शहरात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचं नाव आलं, आणि या वेळी ते त्यांचंच होतं.